मामाच्या हातचा भात

साडेआठ महिन्यांच्या श्रियाचा लाल भोपळा खाऊन झाला होता. रताळं, अव्होकाडो, उकडलेलं गाजर, शेजारच्या बाईंनी कुंपणावरून दिलेला आंबा, टोस्टचा कडक कोपरा, हे सगळं झालं होतं. बाबाचं लक्ष नसताना एकदा तिने टोस्टला लावायचं खारट काळं व्हेजेमाइटही चाटून पाहिलं होतं आणि त्यावर जे तोंड केलं होतं त्याचा व्हिडिओ पुण्यापर्यंत गेला होता. फक्त भात तिच्या पोटात गेला नव्हता. भातच काय, पेज नाही, इडली नाही, पोह्याचा एक कण नाही. कारण भाताचा पहिला घास मामाने मांडीवर घेऊन भरवायचा असतो, आणि श्रियाचा मामा टोकियोत होता.

"गहू चालतो आणि तांदूळ चालत नाही?" सासूबाई पुण्याहून फोनवर विचारायच्या. "हे कुठलं गं शास्त्र?"

"माझं," श्रियाची आई सुरुची हसून म्हणायची.

तसं तिचं आणि शास्त्राचं फारसं सख्य नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहरातल्या तिच्या घरात देव होते ते कपाटातल्या एका कप्प्यात, आणि तो कप्पाही श्रियाच्या लसीकरणाच्या कागदांनी अर्धा भरलेला. पण उष्टावण म्हटलं की ती हटून बसायची. मुलीचं विषम महिन्यात करतात. पाचव्यात चाइल्ड हेल्थ नर्स म्हणाली, इतक्यात काही भरवू नका. सातव्यात तिच्या भावाच्या, मिहिरच्या, लागोपाठ तीन मॅचेस निघाल्या. आता नववा चालू होता आणि त्यातलेही तेरा दिवस उरले होते.

"अगं, मी आहे ना," हृषीकेशने सांगून पाहिलं. हृषीकेश हॉस्पिटलात नर्स होता, सुरुचीच्या नवऱ्याचा, यतिनचा, मित्र. डार्विनमध्ये मराठी घरं ती किती, आणि कुणाच्या सख्ख्या मामाला एवढ्या लांब यायला जमतंय! त्यामुळे मामा लागला की सगळे हृषीकेशला बोलवायचे. "चार उष्टावणं, दोन जावळं आणि एक लग्न. डार्विनचा सरकारमान्य मामा आहे मी. एक घास, पाच मिनिटं, नो वरीज. शिफ्टवरून थेट येतो."

"तू मामा आहेस रे," सुरुची म्हणाली, "पण मला भाऊ हवाय."

त्याने समोरची भजी संपवली.

सुरुचीची आई, पद्माताई, सिडनीला वेंटवर्थव्हिलमध्ये. तिने वेगळा तोडगा काढला. "व्हिडिओवर करू या का? मिहिर तिकडून चमचा पुढे करेल, तू इकडून भरव."

"आई, ते नाटक झालं."

"मग तुझ्या हट्टापायी पोर उपाशी ठेव."

"उपाशी? आई, तिच्या मांड्या बघितल्यास का?"

मिहिर सुरुचीपेक्षा बारा वर्षांनी लहान. तो झाला तेव्हा आईबाबांचं सगळं बस्तान नवीनच बसत होतं. आईची पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी, बाबांची साइटवरची. दोघांच्या वेळा एकमेकांना कधी जुळल्या नाहीत, आणि मधली सगळी जागा सुरुचीने भरली. डबा, डे-केअर, पोहणं, दाताचा डॉक्टर. युनिला गेली तेव्हाही तिचे मंगळवार आणि गुरुवारचे आर्व्हो, म्हणजे दुपारनंतरचे तास, मिहिरच्या नावावर होते. सात वर्षांच्या पोराला घेऊन कॉलेजात कुठे बसायचं? मग तिला एक खोली सापडली. तिथे एसी होता, फुकट बिस्किटं होती आणि कुणी आरडाओरडा करत नव्हतं. तो 'गो' नावाच्या पटावरच्या खेळाचा क्लब होता.

उभ्या एकोणीस रेघा, आडव्या एकोणीस. एकाने काळे खडे ठेवायचे, दुसऱ्याने पांढरे. रेघांच्या छेदांवर एकेक खडा ठेवत जागा वेढायची. ज्याची जागा जास्त तो जिंकला. वेढलेल्या खड्यांना आतमध्ये श्वास घ्यायला दोन भोकं राहिली तर ते जिवंत, नाही राहिली तर मेले. सुरुचीला हे शिकायला एक आठवडा लागला. मिहिरने तिला दुसऱ्या आठवड्यात हरवलं आणि वर विचारलं, "ताई, तू मुद्दाम हरलीस ना?" ती मुद्दाम हरली नव्हती.

बाराव्या वर्षी त्याच्याशी खेळायला सिडनीत माणूस उरला नाही. जपानहून आलेल्या एका म्हाताऱ्या शिक्षकांनी, सेन्सेईंनी, त्याच्याशी तीन डाव खेळून आईबाबांना विचारलं, माझ्या घरी राहून शिकेल का हा? आई रडली. बाबा दोन दिवस साइटवरून उशिराच आले. तेव्हा, आणि हे सुरुचीला कधीच विसरता आलं नाही, तीच म्हणाली होती, "जाऊ द्या त्याला. आपण अडवलं तर तो आयुष्यभर काही म्हणणार नाही, आणि तेच वाईट."

तेरा वर्षांचा मिहिर गेला. आता एकोणीस वर्षांचा होता, व्यावसायिक खेळाडू, नऊ पायऱ्यांतली तिसरी पायरी. त्याचा आवाज जाड झाला होता, जपानी तो भराभरा बोलायचा, इंग्रजीत बोलताना अडायचा. पण मराठी मात्र तेरा वर्षांचीच राहिली होती. जाड आवाजात तो म्हणायचा, "ताई, मला ना खूप कंटाळा आलाय," आणि सुरुची हातातलं काम खाली ठेवायची. मराठीत बोलायला त्याला तिथे कुणी नव्हतं. ती भाषा तो फोन लावला की बाहेर काढायचा, तेवढीच.

यतिनला डार्विनच्या हॉस्पिटलात फार्मसिस्टची नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, "तिथे काय आहे गं? ऊन आणि मगरी." सुरुचीने नकाशा नाही पाहिला, घड्याळ पाहिलं. डार्विनचं घड्याळ टोकियोच्या अर्धाच तास पुढे. सिडनीत असताना उन्हाळ्यात दोन तासांचा फरक पडायचा. इथे फक्त अर्धा तास. त्याची मॅच दहाला सुरू झाली की इथे साडेदहा. त्याचं जेवण तेव्हा तिचं जेवण. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण होकार दिला तो त्या अर्ध्या तासाला.

मिहिरला तिने अडीच वर्षांत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याने श्रियाला एकदाही नाही. पाहायचे ते त्याचे खडे. मोठ्या मॅचेस इंटरनेटवर दिसायच्या, एकेक खेळी. बाकीच्यांचा फक्त निकाल यायचा संध्याकाळी, नावापुढे एक पांढरं वर्तुळ किंवा काळं. जपानी वाचता येत नसलं तरी त्याच्या नावाची आकृती ती लाखांत ओळखायची. पांढरं दिसलं की भरवता भरवता श्रियाच्या कपाळाचा पापा घ्यायची. काळं दिसलं की त्या दिवशी वरणाला फोडणी जास्त बसायची.

त्या गुरुवारची मॅच इंटरनेटवर दिसणार होती. एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रतेचा शेवटचा डाव. जिंकला तर मुख्य स्पर्धेत. देशोदेशीचे लोक ज्यांचे डाव वाचून शिकतात, अशांच्या समोर बसायला मिळणार. सहा वर्षांची सगळी खटपट त्याच एका दारासाठी. आणि पहिली फेरी लगेच दहा दिवसांनी.

"जिंकलो तर नाही ना येता येणार ताई," मिहिर गेल्या रविवारी फोनवर म्हणाला होता. "अभ्यास करायला लागेल खूप. हरलो तर येतो. हरलो तर एकोणीस दिवस सुट्टी आहे."

पाऊस पडला तर छत्री आणतो, असं सांगावं तसं सांगितलं त्याने. आणि त्या रविवारपासून सुरुचीला धड प्रार्थनाही करता येईना. कप्प्यासमोर हात जोडायची, "देवा, मिहिरला," म्हणायची आणि वाक्य तिथेच सोडून श्रियाचे कपडे घड्या करायला लागायची.

त्यात बुधवारी तिने एक गुन्हा केला. मॅचच्या आदल्या दिवशी मिहिरला कुणीही मेसेज करायचा नाही, हा घरातला नियम तिनेच घातलेला. आईने एकदा मोडला तेव्हा तिनेच झापलं होतं. पण बुधवारी दुपारी श्रियाला चांदीची छोटी वाटी सापडली. ती वाटी दोन्ही हातांत धरून पोरीने आत असं काही पाहिलं, जणू आत्ता भरेल, मग भरेल. सुरुचीने फोटो काढला. खाली लिहिलं, "मामा, माझा भात?" आणि बोट थांबायच्या आत मेसेज गेला.

पुसून टाकावा का? पुसला की तिकडे 'मेसेज पुसला' असं दिसणार आणि तो अजूनच विचार करत बसणार. त्याने पाहिला की नाही तेही कळायला मार्ग नव्हता. निळ्या टिका दिसायची सोय त्याने केव्हाच बंद करून ठेवलेली. उत्तर काही आलं नाही.

गुरुवारी साडेदहाला यतिन कामावर होता, श्रिया चटईवर पालथी, आणि सुरुची भिंतीला पाठ लावून, लॅपटॉप मांडीवर. बाहेर पावसाआधीच्या बिल्ड-अपचा उकाडा, ढग नुसते येऊन बसलेले. मिहिरकडे काळे खडे. पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी होती; कॉम्प्युटर दर खेळीला सांगायचा, कोण किती टक्के पुढे. सुरुचीचा खेळ यथातथाच. दोघांतलं कोण पुढे आहे हे ती डावाकडे बघून ठरवू शकत नव्हती, पट्टीकडे बघूनच.

दुपारपर्यंत पट्टी मध्यावर. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा इथे तिने श्रियाला भोपळा भरवला आणि झोपवलं. दीडच्या सुमाराला पांढऱ्याने मिहिरच्या खड्यांचा एक मोठा घोळका कापला. पट्टी खाली आली. चाळीस. एकतीस. बावीस.

आणि सुरुचीच्या छातीत काहीतरी हललं. तिला वाटलं, भीती. पण भीती अशी नसते. भीतीने माणूस उठून स्वयंपाकघरात जात नाही, आंबेमोहराची बरणी उघडून वास घेत नाही. आईने वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून खास पाठवलेला तांदूळ. तीन महिने झाकण न उघडता ठेवलेला. पट्टीवर पंधरा. मिहिरला सिंगापूरवरून यावं लागेल, शनिवारची रात्रीची फ्लाइट, रविवारी दुपारी इथे. तिने दुसऱ्या खिडकीत भाडी उघडलीसुद्धा. त्याच्यासाठी मागची खोली, तिथला पंखा आवाज करतो, यतिनला सांगायला हवं. केळ्याचं शिकरण आवडायचं त्याला. अजून आवडत असेल का?

मग लक्षात आलं, आपण गुणगुणतोय.

ती तशीच खुर्चीवर बसली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. सात वर्षांचा असल्यापासून त्याच्या प्रत्येक डावाला ती श्वास रोखून बसली होती आणि आज त्याचा डाव बुडत असताना ती तिकिटं बघत होती. तिने भाड्यांची खिडकी बंद केली. श्रिया उठली. तिला काखेत घेऊन ती पडद्यासमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मिहिर, खेळ रे. खेळ." ते किती खरं होतं, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

पण तो खेळलाच. चारच्या पुढे पट्टी हळूहळू वर यायला लागली. पांढऱ्याने कुठेतरी एक हात आखडता घेतला असावा. अठ्ठावीस. एक्केचाळीस. पन्नास ओलांडले तेव्हा सुरुचीने श्रियाचा हात धरून टाळी वाजवली. सव्वापाचला पट्टी त्रेसष्टवर होती, मिहिरच्या बाजूने. खेळी त्याची होती. पाच मिनिटं झाली. दहा. पंधरा. त्याचा घोळका डाव्या बाजूला पांढऱ्यांच्या मध्ये अडकलेला दिसत होता, पण कॉम्प्युटर त्रेसष्ट म्हणतोय म्हणजे असेल काहीतरी.

मग पडद्यावर एक ओळ आली. काळ्याने हार मानली.

तिला वाटलं इंटरनेट अडकलं. पान परत उघडलं. तीच ओळ. पट्टी अजून त्रेसष्टवरच, कुणी सांगितलंच नाही अशी.

यतिन साडेसहाला आला तेव्हा ती ओट्याशी उभी राहून भाताला पाणी किती घातलं हे आठवत होती.

"हरला?" त्याने चेहऱ्यावरून ओळखलं.

"हरला नाही. सोडला."

"म्हणजे?"

"पुढे होता, यतिन. त्रेसष्ट टक्के. आणि उठला. माझ्यामुळे." मग तिने त्याला मेसेजचं सांगितलं, वाटीचं, सगळं.

"अगं, कुणी असं करतं का? करिअर आहे त्याचं."

"तो करतो. दहा वर्षांचा होता तेव्हा समोरची मुलगी रडायला लागली म्हणून फायनल सोडून आला होता. बाबा चिडले. मी त्याला हॉट चिप्स घेऊन दिल्या, म्हटलं, शहाणा आहेस." तिने गॅस बारीक केला. "मीच म्हटलं ना, शहाणा आहेस."

यतिनने श्रियाला उचललं. "फोन येईल त्याचा. आधी बोल. मग रड."

"मी रडत नाहीये."

"बरं. मग बोल आणि मग पुन्हा नको रडूस."

फोन आला तो सव्वासातला. यतिन नुकताच ताट घेऊन बसला होता, वरणभात आणि भेंडी, श्रिया त्याच्या डाव्या मांडीवर. पलीकडे वाहनांचे आवाज होते, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ताई, हरलो."

"माहितीये."

"तू बघत होतीस?"

"मिहिर," सुरुची म्हणाली, "खरं सांग. मी चिडणार नाही. का सोडलास?"

"का म्हणजे? मेलेला ना तो घोळका."

"मेलेला नव्हता. त्रेसष्ट टक्के होते तुझे. मी बघितलं. तू माझ्यासाठी सोडलास ना? तो फोटो पाहून?"



"कुठला फोटो?" मिहिर म्हणाला.

"श्रियाचा. वाटीचा. काल पाठवला."

"फोन मी मंगळवारी सेन्सेईंच्या बायकोकडे देतो ना ताई. मॅचच्या आधी देतोच. आत्ता घेतला परत. आत्ताच तर उघडला. अजून काहीच नाही बघितलं." आणि मग त्याच जाड आवाजात, तेरा वर्षांच्या शब्दांत, "तुला वाटलं मी मुद्दाम हरलो?"

सुरुचीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असं कसं वाटलं तुला? ताई, मी सहा वर्षं... मी मुद्दाम नाही हरलो. मला खरंच मेलेला वाटला. उरलेली वीस मिनिटं सगळी तिथेच घालवली. पाच वेळा मोजलं. पाचही वेळा मेला. मग मी खडे ठेवले आणि वाकलो, माकेमाशिता म्हटलं, हरलो असं." तो थांबला. "मग डाव संपल्यावर आम्ही परत मांडतो ना, दोघं मिळून. तेव्हा समोरचे म्हणाले, इथे ठेवला असतास तर? साधी खेळी होती. लहान मुलांना शिकवतात ती. जिवंत होता सगळा. ते स्वतःच हार मानायच्या विचारात होते, म्हणाले. चाळीस वर्षांचे आहेत ते, केस पांढरे. ते पण त्या जागेकडे बघत बसले, मी पण. खूप वेळ. खोलीतले दिवे बंद करायला माणूस आला तेव्हा उठलो."

सुरुची भिंतीला टेकली. तर तो तिच्यासाठी हरला नव्हता. तिची, श्रियाची, वाटीची आठवणही त्याला त्या वीस मिनिटांत आली नव्हती. तो फक्त चुकला होता, एकट्याने, भर उजेडात. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याच्या खाली कुठेतरी लागलंही; आपण त्याच्या डावात केव्हापासूनच नव्हतो, हे असं कळायचं होतं.

"चुकले मी," ती म्हणाली. "सॉरी, सोन्या. विचारायला नको होतं."

"नाही, विचार ना. तूच विचारतेस." त्याने नाक ओढलं. "सेन्सेई म्हणाले, जा घरी, बहिणीकडे जाऊन ये. बॅग पण काढून ठेवलेली मी, सोमवारीच. हरलो तर म्हणून."

"मग?"

"मग काय माहीत. मला ती जागा सारखी दिसतेय ताई. डोळे मिटले तरी. मी आलो ना, तरी मी तिथेच असेन. तुझ्याकडे बसेन आणि तेच मोजत बसेन. श्रियाला कळेल, मामा असाच आहे." मग अगदी हळू, "येऊ का पण? तू सांग."

हा सूर तिला पाठ होता. पोहायच्या तलावाच्या काठावर उभा राहून, पाय आत घालायच्या आधी, तो असाच विचारायचा. ती 'ये' म्हणाली की उडी. आजही एकच अक्षर पुरे होतं. रविवारी दुपारी तो या दारात उभा राहिला असता, अडीच वर्षांनी, तिच्यापेक्षा वीतभर उंच, आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. ते अक्षर जिभेवर आलं. किती गोड होतं ते!

"तुझी पुढची मॅच केव्हा?" तिने विचारलं.

"दुसरी स्पर्धा आहे. वीस दिवसांनी. पहिल्या फेरीपासून."

"मग नको येऊस. तिथेच थांब. ती जागा बघून घे नीट, दिसायची बंद होईपर्यंत बघ. मग ये."

त्याचा श्वास मोकळा झालेला तिला ऐकू आला, आणि तो मोकळा झाला म्हणून तिचा अडकला.

"रागावलीस?"

"वेडा आहेस का?"

"मी जानेवारीत येतो. नक्की. न्यू इयरला सगळं बंद असतं इथे. अकरावा असेल ना तेव्हा तिला? अकराव्यात चालतं?"

"चालतं."

"मग तोपर्यंत भात देऊ नको हं तिला. मीच देणार. माझ्याशिवाय नाही द्यायचा. प्रॉमिस?"

सुरुचीने मान वळवली, यतिनला खुणेने सांगायला, की येत नाहीये तो, जानेवारी म्हणतोय. यतिन तिच्याकडे पाहत होता आणि जागच्या जागी थिजला होता. उजव्या हातातला घास अर्ध्यावर. डाव्या मांडीवरून श्रिया पुढे वाकली होती. तिची मूठ ताटात, वरणभातात, मनगटापर्यंत. सुरुची 'अगं' म्हणायच्या आत ती मूठ वर आली आणि तोंडात गेली. अर्धा भात गालाला, अर्धा आत. श्रियाने डोळे बारीक केले. जीभ फिरवली. मग आयुष्यात आजवर काय ते राहून गेलं होतं हे आत्ता कळल्यासारखी ती दोघांकडे बघून खिदळली.

"ताई? प्रॉमिस?"

"हो," सुरुची म्हणाली. "थांबू आम्ही."

"काय आवाज आला?"

"हसतेय. बाबाशी खेळतेय." तिने फोन कानाशी घट्ट धरला. तिकडे स्टेशन आलं असावं; बाईच्या गोड आवाजात कसलीतरी घोषणा चालली होती. तो आता ठेवेल, असं वाटून ती घाईने म्हणाली, "तू जेवलास का? काय जेवलास ते सांग."

"अजून नाही. आता उडोन खाईन बहुतेक, त्या जाड नूडल्स. स्टेशनच्या खाली एक दुकान आहे ना, उभं राहून खातात तिथे. आजोबा आहेत एक, मी हरलो की त्यांना कळतं. न सांगताच अंडं घालतात वरून."

"अजून?"

"अजून काय? वरती हिरवा कांदा असतो, बारीक चिरलेला..."

तो सांगत राहिला. श्रियाची मूठ पुन्हा ताटाकडे निघाली होती, पण या वेळी हात थोडा कमी पडत होता. यतिनने भुवयांनीच विचारलं, काय करू? सुरुचीने फोनवर "हं, मग?" म्हटलं आणि मोकळ्या हाताने ताट श्रियाच्या बाजूला सरकवलं.